ती रेघ तिथंच का काढायची

यमुने, मराठी मंडळाचे सेक्रेटरी परवा घरी येऊन गेले. अंकात तुझ्यावर चार पानं घालायची आहेत म्हणाले. "अण्णा, तुम्हीच लिहा. जन्म कुठला, शिक्षण किती, कुठल्या शाळेत किती वर्षं, सगळं क्रमानं." मी म्हटलं, तसलं पाहिजे असेल तर शाळेच्या कारकुनाला विचारा. मी लिहिलं तर तिच्याशी बोलल्यासारखं लिहीन, शुद्धलेखन तुम्ही बघा. ते म्हणाले, सरी, बरं, तसं लिहा. म्हणून कागद डोळ्यांजवळ धरून बसलोय. चौथी शिकलेला शिंपी हायस्कूलच्या गणिताच्या टीचरवर लिहितोय. तू असतीस तर आधी लाल शाई शोधली असतीस.

येणारा प्रत्येक जण विचारतो, "शेवटी काय बोलल्या?" त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. तू पाणी मागितलंस. मी दिलं. "स्वल्प गरम करून द्यायचं नाही का," म्हणालीस. मी गरम करायला गेलो, आणि आलो तोवर संपलं होतं. मी हे असंच सांगतो. लोकांचं तोंड पडतं. पडू दे.

मुलगी तेराव्यानंतर हुबळीला गेली. "बाबा, तुम्ही पण चला, इथं एकटे काय करणार," म्हणाली. मी गेलो नाही. तिला कारण सांगितलं नाही, तुला सांगतो. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते या दोन खोल्यांत सुरू झालं, इथंच अडकलंय. ते टाकून हुबळीला जाऊन जावयाच्या घरी रेडिओ ऐकत बसायला मला जमणार नाही.

ते भांडण मी आज सगळं लिहिणार आहे. तू नको म्हणशील, मला माहीत आहे.

लोक म्हणतात, चिकपेटेच्या बाजारातल्या शिंप्यानं बायकोला शिकवून टीचर केलं. साफ खोटं. मी कापडाच्या दुकानाच्या कट्ट्यावर मशीन मारत होतो आणि घरी येऊन घोरत होतो. लग्नात तू सातवी होतीस. पुढचं सगळं तू चुलीपुढं बसून केलंस. तांदळाच्या डब्याला पुस्तक टेकवायचं, एका हातानं सार ढवळायचं आणि तोंडानं म्हणत राहायचं. बायका स्तोत्र म्हणतात तशी तू भूमिती म्हणायचीस. मला अजून पाठ आहे. ए बी सी हा त्रिकोण, ए बी बरोबर ए सी, सिद्ध करायचं की कोन बी बरोबर कोन सी. मग मधून एक रेघ सोडायची, डीपर्यंत. मग दोन बाजूंचे दोन तुकडे सारखे. झालं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, तुला कळतं. तुलाही तसंच वाटायचं.

एकेक परीक्षा देत तू खालच्या वर्गांवरून हायस्कूलवर गेलीस. हजार पोरींना ती रेघ काढायला शिकवलंस. त्या पास झाल्या, त्यांची लग्नं झाली, त्यांच्या पोरी तुझ्याच वर्गात आल्या. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा जाईना, मशीन सुटलं. त्यानंतर हे घर तुझ्या नोकरीवर चाललं. हे मी लाजून लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहितोय, कारण पुढचं समजायला ते लागतं.

मग तो उन्हाळा आला. सरकारनं ठरवलं की सगळ्या राज्यात गणित नव्यानं शिकवायचं, आणि त्यासाठी आधी मास्तरांना पुन्हा शिकवायचं. सुट्टीत एका कॉलेजात वर्ग लागले. तुमकूर, कोलार, चिंतामणी, कुठून कुठून हायस्कूलचे मास्तर आले, होस्टेलात उतरले. तू गावातलीच, घरून डबा घेऊन जायचीस. पहिल्या दिवशी नवी साडी नेसलीस. मी म्हटलं, "शिकायला चाललीस की शिकवायला?" तू म्हणालीस, "मला काय शिकवणार आहेत आता? बसून यायचं."

संध्याकाळी आलीस ती चपला काढून सरळ आत गेलीस. साडी बदलली नाहीस. तांदळात हात घालून नुसती बसलीस. मी दोनदा विचारल्यावर बोललीस.

परदेशात शिकून आलेला एक तरुण सर होता. त्यानं फळ्यावर त्रिकोण काढला. तोच, दोन बाजू सारख्या असलेला. पण आडवा. कुशीवर झोपल्यासारखा. आणि अक्षरं लिहिली के, एल, एम. मग सगळ्यांत वयानं मोठी बाई म्हणून मानानं तुला बोलावलं आणि खडू हातात दिला. म्हणाला, मॅडम, सिद्ध करा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी मान वाकडी करून बघितलं. ए कुठला, बी कुठला, कळेना. हात उचलेना. तो म्हणाला, मॅडम, अक्षरांत काय आहे, काहीही लिहा. मी ए बी सी लिहिलं, रेघ काढली. तर विचारतो, ही रेघ इथंच का काढलीत? कुणी सांगितलं?"

"तू काय म्हणालीस?"

"पुस्तकात आहे म्हणाले."

"हसले का लोक?"

"कुणी हसलं नाही," तू म्हणालीस. "सगळे खाली बघत होते. पुढचा नंबर आपला लागेल म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात रांगोळी काढायला गेलीस. बराच वेळ झाला तरी आत येईनास म्हणून मी बाहेर आलो. तू तोच त्रिकोण काढला होतास, आडवा, आणि त्याच्याकडं बघत उकिडवी बसली होतीस. समोरची रंगम्मा बादली घेऊन थांबली आणि म्हणाली, "यमुनाक्का, हे कसलं यंत्र? कुणावर करणी करताय काय?" मी हसलो. तू हसली नाहीस. हातानं पुसून टाकलंस आणि कमळ काढलंस.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत जे झालं, तिथं तुझ्या पायात बेडी पडली. व्हरांड्यात सगळे दहीभात खात बसले होते. कोलारचे वेंकटप्पा मास्तर, तपकीर ओढणारे, त्यांनी विषय काढला. म्हणाले, "यमुनाक्का, हा पोरगा रोज प्रश्न विचारणार आणि रोज एकेकाची अब्रू घेणार. घरी गेल्यावर आपल्याच विद्यार्थ्यांपुढं उभं राहायचंय आपल्याला. तुम्ही मोठ्या, तुम्हाला इंग्रजी चांगलं. त्यानं 'समजलं का' विचारलं की तुम्ही सगळ्यांतर्फे 'यस सर, क्लिअर' म्हणायचं. आम्ही मागून माना हलवू. जूनपर्यंत तर काढायचंय." सगळ्यांना पटलं. तुलाही पटलं. आणि त्या दिवसापासून तू रोज म्हणत गेलीस, यस सर, क्लिअर.

मास्तर लोकांना हे असलंच सुचणार. मी चिकपेटेत जन्म काढला. तिथं कारागीर सरळ म्हणतो, गोत्तिल्ला, मला येत नाही, दाखव. एखादी शिवी खातो आणि शिकतो. तुमच्यात 'येत नाही' हा शब्दच नाही. दुसऱ्याला आयुष्यभर 'येत नाही?' विचारून विचारून तो शब्द तुमच्या तोंडात विष झालेला.

उन्हाळा संपला. सगळ्यांना सर्टिफिकेटं मिळाली. तू चार दिवस मोकळी दिसलीस, आंबे आणलेस, खालच्या आवाजात गुणगुणलीससुद्धा. मग एका रविवारी तो तरुण सर आपल्या घरी आला. हातात मोसंब्यांची पिशवी. पोरगा चांगला होता, ते मी आजही म्हणेन. आपल्या मोडक्या खुर्चीवर बसला, कॉफी प्यायला, मला म्हणाला, "तुमच्या मिसेस वर्गात सगळ्यांत हुशार. रोज सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तुकडीला त्याच शिकवतील. मी वर लिहून कळवलंय." मी खूश होऊन स्वयंपाकघराकडं बघितलं. तू दारात उभी होतीस. तो तुला म्हणाला, "मॅडम, ठीक आहे ना?"

आणि तू म्हणालीस, "यस सर. क्लिअर."

तो गेल्यावर मी चिकपेटेत जाऊन सगळ्या कट्ट्यांना सांगून आलो. माझी बायको आता मास्तरांना शिकवणार! दुकानदारानं मला बदाम घातलेलं दूध पाजलं. परत आलो तर तू भिंतीला टेकून बसलेली. तेव्हा तू मला ते 'यस सर'चं सगळं सांगितलंस. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

आपलं भांडण तिथं सुरू झालं.

"उद्या जा आणि सांग त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"मला कळलेलं नाही म्हणून सांग. तो खाणार आहे काय तुला? तोच समजावून देईल."

"आणि रोज क्लिअर म्हणत होते ते?"

"ते खोटं होतं म्हणून सांग."

"म्हणजे मागं माना हलवणाऱ्या सगळ्यांना उघडं पाडू? वेंकटप्पांचं एक वर्ष राहिलंय रिटायर व्हायला. जाताना हा डाग घेऊन जायचं त्यांनी?"

"त्यांच्यापायी तू मरणार काय?"

तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणालीस, "तुम्हाला सोपं आहे. तुम्हाला येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मला येतं, ही माझी नोकरी आहे. ती गेली तर खायचं काय? तुमचा मोतीबिंदू?"

मी चिडलो. म्हटलं, "मी कापडावर खडूची रेघ मारायचो ती उस्तादानं तिथं मारलेली बघून. का तिथं, मलाही कधी कळलं नाही. पण मी कुणाला खोटं सांगितलं नाही."

तू म्हणालीस, "मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

तू माझा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवलास आणि शपथ घातलीस की हे कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे मुलीलासुद्धा.

पुढचं वर्ष तू कसं काढलंस ते मी बघितलंय. शाळेतून यायचीस, नवीन पुस्तकं उघडायचीस. त्यात सगळीकडं गोल काढलेले, गोलात टिंबं. तू ती वाचायचीस आणि शेवटी पुन्हा जुनं तेच करायचीस, पाठ. सार ढवळत नवी वाक्यं पाठ. मला आवाजावरून कळायचं. मी म्हणायचो, "अगं, हे तर तू पुन्हा स्तोत्रच चालवलंस." तू म्हणायचीस, "सुम्ने, गप बसा. मला दुसरं येत नाही." त्या सरांकडं जाऊन विचारायला दोनदा निघालीस आणि बसस्टॉपवरून परत आलीस. बाजारात शाळेची कुणी दिसली की रस्ता बदलायचीस. इतकी वर्षं तुझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, तो या भिंतींच्या बाहेर जाईनासा झाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात तू शिकवलंस. रोज सकाळी निघताना ओकायचीस, मग तोंड धुऊन कुंकू लावून जायचीस. पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी येऊन म्हणालीस, "ते खोटं बोलतायत."

"कोण?"

"सगळे. मी विचारते, समजलं का? ते म्हणतात, हो अक्का, क्लिअर. मला तो आवाज ओळखू येतो. तो माझाच आहे."

"मग त्यांना सांग, मी पण तुमच्यातलीच."

"आता कसं सांगू? आता मी फळ्याच्या या बाजूला आहे."

ऑफिसर लोक येऊन बघून गेले. वर्ग शांत, सगळे माना हलवतायत, अक्का न अडखळता बोलतेय. त्यांनी फार छान लिहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यालाही तूच. तुझं जितकं कौतुक होत गेलं तितकी तू आत आत जात गेलीस. विहिरीत उतरलेल्याला वरून लोकांनी फुलं टाकावीत, तसं. दोरी कुणी टाकली नाही. मी टाकत होतो ती तू धरत नव्हतीस.

तिसऱ्या उन्हाळ्यात गिरिजा आली. तुमकूरकडची, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली पोरगी. पुढच्या बाकावर बसायची. तू फळ्यावर तो त्रिकोण काढलास, मधली रेघ सोडलीस, विचारलंस, समजलं का? सगळे हो म्हणाले. ती उभी राहिली. म्हणाली, "टीचर, मला नाही समजलं. ती रेघ तिथंच काढायची हे आपल्याला आधी कसं कळतं? काढल्यावर सगळं जमतं ते दिसतंय. पण काढायच्या आधी?"

तोच प्रश्न दोन वर्षांपूर्वी त्या सरांनी तुला विचारला होता. तिनं फक्त तो स्वतःचा म्हणून विचारला.

तू तिला म्हणालीस, "बस खाली. एवढंही येत नसेल तर हायस्कूलवर कशाला आलीस? सगळ्यांचा वेळ घालवू नकोस." मागचे खिदळले. ती बसली. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर.

त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस. मी म्हटलं, "एवढ्याशा पोरीला बोलायची काय गरज होती?" तू म्हणालीस, "त्या खोलीत शिकायला आलेली तेवढी एकच होती." आणि रडलीस. सासू गेली तेव्हा रडली नव्हतीस इतकी.

मी म्हटलं, "उद्या तिला बाजूला घेऊन सांग."

"तिला सांगितलं की ती सगळ्यांना सांगेल."

"सांगू दे!"

"मग सगळे उभे राहतील."

"राहू देत की! कधीतरी उभे राहतील की नाही?"

तू कूस वळवलीस. मी भिंतीशी बोलत राहिलो. मला राग येत होता आणि मला माहीत होतं की तुझं चूक नाही. म्हणजे चूक होतं, पण दार कुठं होतं? सरांपुढं खरं सांगावं तर बाकीचे बुडतात. सोडावं तर घर बुडतं. शिकवावं तर त्या पोरीसारख्या बुडतात. मी शेजारी बसून नुसतं 'सांग, सांग' करत होतो. माझं काय बुडणार होतं?

दसऱ्याच्या सुट्टीत एकदा तूच म्हणालीस, "तुमकूरला जाऊ या का? त्या गिरिजाला भेटू." मी जागेवरून उठलो, धोतर बदललं. यशवंतपूर स्टेशनवर गेलो, तिकिटं काढली, पेरू घेतले. गाडी आली. मी डब्यात पाय ठेवला आणि मागं वळलो, तर तू बाकावरच. दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली. "आज नको," म्हणालीस. मी खाली उतरलो. गाडी गेली. आपण तिथंच पेरू खाल्ले. आजवरच्या भांडणांत मी गप्प बसलो तो तेवढा एकच दिवस, आणि तू परतताना बसमध्ये माझ्या दंडाला धरून बसलीस. लोकांसमोर तू कधी असं धरलं नव्हतंस.

त्यानंतर थंडीत तुझी छाती भरली आणि पुढचं झालं ते झालं.

आता गेल्या रविवारचं सांगतो. ते तुला माहीत नाही.

तुझे मास्तर लोक भेटायला आले. हेडमिस्ट्रेस बाई, रिटायर झालेले वेंकटप्पा, आणखी पाचसहा जण. सगळ्यांत शेवटी गिरिजा. मी तिला कधी बघितलं नव्हतं, नाव सांगितल्यावर कळलं. सगळे चटईवर बसले. हेडमिस्ट्रेस बाई म्हणाल्या, यमुनाक्कांच्या नावानं भूमितीचं बक्षीस ठेवायचं ठरलंय. इतकं स्पष्ट शिकवणारं कुणी झालं नाही. चटईवरचे सगळे म्हणाले, "हो, हो." वेंकटप्पा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

मी कॉफी करायला आत आलो. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून गिरिजा मदतीला आली. लोटे मांडता मांडता कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "अण्णा, एक विचारू? टीचर माझ्याबद्दल घरी काही बोलल्या होत्या का?"

मी म्हटलं, "का गं?"

"मी जूनपासून शाळा सोडतेय. अप्पांना सांगितलंय. मला गणिताची बुद्धी नाही हे टीचरनी त्या दिवशी ओळखलं. बाकी सगळ्यांना कळलं, मला एकटीलाच कळलं नाही. अशा बाईनं पोरींना शिकवू नये. टीचरना सांगून सोडायचं होतं, पण आता..."

दूध उतू गेलं. मला ते दिसलंही नाही, वास आल्यावर कळलं.

यमुने, माझ्या हातावर तुझ्या डोक्याची शपथ होती. मोडली तर ते माणूस मरतं म्हणतात. मी चुलीपुढं उभा राहून मनात म्हटलं, आता आणखी काय मरणार आहे? आणि सांगून टाकलं. म्हटलं, "पोरी, तिला उत्तर येत नव्हतं. तुला ओरडली त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. तुला भेटायला यशवंतपूरपर्यंत आली होती, गाडीत चढवेना तिला."

तिनं उतू गेलेलं दूध फडक्यानं पुसलं. मग म्हणाली, "आणि बाकीचे?"

मी म्हटलं, "बाहेर बसलेत. चल."

आम्ही कॉफी घेऊन बाहेर आलो. मी लोटे खाली ठेवले आणि उभ्या उभ्याच बोललो. मला गोड करून बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. म्हटलं, "हे बक्षीस ठेवू नका. ती रेघ तिथंच का काढतात, यमुनेला येत नव्हतं. पहिल्या दिवसापासून येत नव्हतं. आणि तुमच्यातही किती जणांना येतं ते तुम्हीच बघा."

वेंकटप्पांची तपकिरीची चिमूट नाकाजवळ गेली होती, ती तिथंच राहिली. कुणी कुणाकडं बघेना. मग हेडमिस्ट्रेस बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दुःखात माणूस काहीही बोलतं. अण्णांनी विश्रांती घ्यावी." आणि चटईवरचे सगळे म्हणाले, "हो, हो."

मी तीन वर्षं तुझ्या मागं लागलो होतो ना, उठ आणि सांग म्हणून? मी सांगितलं, यमुने. काही झालं नाही. कुणी उभं राहिलं नाही, कुणी बुडलं नाही, छप्पर पडलं नाही. त्यांनी माझं बोलणं मानेनंच गिळून टाकलं आणि कॉफी न पिता उठले. तुला कशाशी झुंजायला सांगत होतो ते मला त्या दिवशी कळलं. मी तुला भित्री म्हणायचो. तो शब्द मी परत घेतो. बाकीचं भांडण परत घेत नाही.

गिरिजा मागं राहिली. सगळे गेल्यावर चटईवर येऊन बसली, माझ्यासमोर. म्हणाली, "अण्णा, मग हे आता विचारायचं कुणाला?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी शिंपी." ती हसली. तुझ्या मागं या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मग तिनं तिचा लोटा संपवला, आणि दुसरा एक भरलेला होता तोही संपवला. गार झालेली कॉफी. उठताना मी विचारलं, "जूनचं काय?" म्हणाली, "बघते." बास. तिचा चेहरा कसा होता ते विचारू नकोस, अंधाऱ्या दारात माझ्या या डोळ्यांना दिसला नाही. पायऱ्या मात्र हळू उतरली. मध्येच एका पायरीवर थांबली होती, मग पुन्हा उतरली.

तू रागावलीस की बोलायची नाहीस, भांडी जोरात ठेवायचीस. त्यावरून मला कळायचं, राग किती आहे, कधी उतरतोय. रविवारी ते सगळे लोटे मी घासले, फळीवर मांडले. घरात काही वाजलं नाही. मी बराच वेळ कान देऊन बसलो. तू रागावलीस की नाही हे आता मला कधी कळणार नाही, आणि हेच मला सोसत नाही. बाकी सोसतं. एकट्याचं जेवण सोसतं, सकाळ सोसते.

जूनमध्ये शाळा उघडतील. तुमकूरहून येणाऱ्या कुणाला तरी विचारीन, गिरिजाबाई वर्गावर आहेत का. असल्या, तर मी शपथ मोडली ते बरं झालं असं मी धरून चालेन, आणि त्यानंतर तुला एका शब्दानं छळणार नाही. नसल्या, तर तिला घरी आपण दोघांनीच बसवलं. तू बोलून, मी उशिरा बोलून. तेवढं आपल्या दोघांच्या नावावर लिहून ठेव.

सेक्रेटरींना सांगितलंय, छापायचं तर सगळं छापा. ते "हो, हो" म्हणाले. बघू.